तक्त्याची ओळ होताना : जेसनचा इतिहास

एप्रिल २००१. कॅलिफोर्नियात चिप मॉर्निंगस्टार यांच्या गॅरेजमधील संगणकावरून एक छोटा निरोप दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरकडे गेला आणि फसला. निरोपात तीन नावे व त्यांची तीन मूल्ये होती. त्यांपैकी एक नाव होते ‘डू’. जावास्क्रिप्ट भाषेत हा शब्द राखीव आहे. ब्राउझरने तो आज्ञा म्हणून वाचला आणि चूक दाखवली. ही हकीकत मॉर्निंगस्टार यांचे सहकारी डग्लस क्रॉकफर्ड यांनीच पुढे सांगितली आहे.

उपाय सोपा होता. राखीव शब्दांची लांबलचक यादी नियमांत घालण्यापेक्षा प्रत्येक नाव अवतरणचिन्हांतच लिहावे, असे क्रॉकफर्ड यांनी ठरवले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘जेसन’ लेखनपद्धतीत ती चिन्हे सक्तीची आहेत, ती अशी.

पण मुळात असा निरोप लागतो कशाला? वर्गाचा निकालतक्ता संगणकाच्या स्मृतीत असतो तेव्हा त्याचे भाग निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले, एकमेकांचे पत्ते धरून बसलेले असतात. तारेवरून मात्र अक्षरे एकामागून एकच जाऊ शकतात. म्हणून आधी तक्त्याची ओळ करायची आणि पलीकडे तिचा पुन्हा तक्ता उभारायचा :

{"नाव": "सुमन", "इयत्ता": ८, "गुण": [७१, ६४, ५८]}

(अंक येथे छपाईच्या सोयीसाठी देवनागरी घेतले आहेत. जेसनला आंतरराष्ट्रीय अंकच चालतात. अक्षरे मात्र कोणत्याही लिपीतली चालतात.)

हेच काम त्या काळी एक्सएमएल करीत असे, पण फार शब्दबंबाळपणे. क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये जेसनचे नियम संकेतस्थळावर मांडले, ते एका पानात मावले. अक्षरमाला, संख्या, खरे-खोटे आणि ‘काही नाही’ ही चार साधी मूल्ये. त्यांना बांधायला महिरपी व चौकोनी कंस. बस्स. तारखेसाठी वेगळा प्रकारसुद्धा नाही! या काटकसरीमुळेच कोणत्याही भाषेला जेसन शिकणे सोपे गेले. पीएचपीमध्ये ती सोय २००६ साली आली, पायथॉनमध्ये २००८ साली. खुद्द जावास्क्रिप्टच्या प्रमाणात ती २००९ साली आली, म्हणजे घरच्या मुलाला सर्वांत शेवटी पान वाढले. तोवर अनेकजण आलेला निरोप थेट आज्ञावली म्हणून चालवीत. निरोपात कोणी खोडसाळ आज्ञा घातली तर तीही चालायची.

काटकसरीची किंमत रूपांतराच्या वेळी कळते. पायथॉनमध्ये हजेरीक्रमांक १ पुढे सुमनचे नाव ठेवले, तर जेसनमध्ये तो १ अवतरणचिन्हांत जातो, कारण डावीकडे अक्षरमालाच हवी. परत वाचल्यावर ‘संख्या १’ शोधली तर सुमन सापडत नाही. पीएचपीची तऱ्हा आणखी गमतीची. तेथे यादी आणि तक्ता यांना एकच रचना आहे. क्रमांक शून्यापासून ओळीने असतील तर ती चौकोनी कंसात उतरते. मधल्या एखाद्या विद्यार्थ्याचे नाव काढले की क्रमात खिंड पडते आणि कंस महिरपी होतात! पाठवणाऱ्याला पत्ता नसतो. पलीकडची आज्ञावली मात्र अडखळते. माझ्या मते विद्यार्थ्यांना रूपांतर शिकवताना आधी ही दोन उदाहरणे करून दाखवावीत. यशस्वी उदाहरणातून फारसे कळत नाही.

देवनागरीचेही एक आहे. पायथॉन व पीएचपी, वेगळे सांगितले नाही तर, ‘स’ ऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक ०९३८ एका खुणेसह लिहितात. मराठी नाहीसे झाले असे वाटून घाबरायला होते, पण परत वाचल्यावर अक्षर जसेच्या तसे मिळते.

संख्येच्या बाबतीत असे आश्वासन देता येत नाही. जेसनचे नियम संख्येला मर्यादा घालत नाहीत, पण जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच पूर्णांक नेमके ओळखते. शेवटी २ ऐवजी ३ लिहिला तरी ती २ च वाचते, तेही कोणतीही तक्रार न करता. ट्विटरने २०१० साली संदेशांना ६४ बिटांचे मोठे क्रमांक द्यायचे ठरवले, तेव्हा ही अडचण समोर आली. ब्राउझरमध्ये शेवटचे अंक बदलले असते आणि एका संदेशाचा क्रमांक दुसऱ्याच संदेशाकडे गेला असता. म्हणून ट्विटरने प्रत्येक क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली : एकदा संख्या म्हणून, आणि एकदा अवतरणचिन्हांत.