कल्याणचे रुद्ध बंदर आणि कांजूरची खाडी

भूमध्यसमुद्राकडील मालाचा उन्हाळी प्रवास एके काळी आपल्या किनाऱ्याशी येऊन पोहोचत असे. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका अनामिक ग्रीकाने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ सांगतो की, भडोचला जाणाऱ्याने जुलैच्या सुमारास निघावे. त्यांचा तो ऐन उन्हाळा, आपला आषाढ. तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते नैर्ऋत्य वाऱ्यावर येत व इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे आणि पोवळी उतरवीत.

भडोचच्या दक्षिणेस ग्रंथकार सोपारा, कल्याण व चौल ही नावे क्रमाने देतो. त्याही पलीकडे काही बेटे आणि चाच्यांचा उपद्रव सांगतो. कल्याणविषयी मात्र तो थबकतो. थोरल्या सारगनाच्या काळी हे विधिमान्य बंदर होते. नगर संदनाच्या हाती गेल्यावर व्यापार रोखला गेला, आणि चुकून तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात.

हा संदन कोण? कोणी त्यास सुंदर सातकर्णी मानतात, कोणी क्षहरातांच्या बाजूचा अधिकारी. नामसाम्यावर चाललेला हा वाद फारसा फलदायी वाटत नाही. गलबते ज्या बंदरात नेली गेली ते भडोच नहपानाचे होते; अडवणुकीचा लाभ कोणास झाला, हे त्यावरून उघड आहे.

कल्याणला जलमार्ग दोन : एक सोपाऱ्याजवळून वसईच्या खाडीने, दुसरा मुंबई बंदरातून ठाण्याच्या खाडीने. दुसरा मार्ग साष्टीच्या पूर्व कडेने, म्हणजे आजच्या कांजूरमार्गच्या मिठागरांवरून जातो. या मार्गाच्या मुखाशी असलेल्या घारापुरी बेटावर भूमध्यप्रदेशातील मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. कांजूरच्या चिखलातून तसा पुरावा पुढे आलेला नाही, तरी या पाण्यावरून ती वाहतूक होत असावी, हे अनुमान धाडसाचे ठरू नये. खाडीच्या अरुंदपणामुळे पहारा बसविणेही सोपेच होते.

ही कोंडी कायमची नव्हती. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे मिळालेल्या 13,000 हून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा उमटविलेला आहे. पुढे यज्ञश्री सातकर्णीच्या 16 व्या राज्यवर्षी कल्याणचा नैगम अपरेणु कान्हेरीस लेणे व त्यासाठी शेत दान देताना दिसतो.