नानावटी खटला आणि ‘ब्लिट्झ’
नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. खटला ज्यूरीपुढे चालला. पण त्याआधीच रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींना नायक ठरवून टाकले होते. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाई. रस्त्यावर आहुजाच्या नावाचे टॉवेल आणि नानावटींच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले मिळू लागली. टॉवेलला कारण होते: आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता आणि झटापटीत गोळी सुटली, हा बचाव. मग त्याच्या अंगावरचा टॉवेल जागचा हलला कसा नाही, असा सरकार पक्षाचा बिनतोड सवाल होता.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही; त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. या खटल्यानेच ज्यूरी संपली, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. ती पद्धत आधीपासूनच ठिकठिकाणी मोडीत निघत होती आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.