वजनातून संख्येकडे : कानिझारोचे टिपण



आपल्यापैकी ज्यांनी घरातल्या जुन्या हिशेबाच्या वह्या चाळल्या असतील, त्यांना त्यांतली एक अडचण ठाऊक असेल. वडोदऱ्याच्या वहीत बाबाशाही रुपया, हैदराबादच्या वहीत हाली सिक्का आणि इंग्रजी मुलखाशी झालेल्या व्यवहारात कलदार. प्रत्येक वही आपापल्या जागी चोख असे. घोटाळा व्हायचा तो दोन वह्या शेजारी ठेवल्यावर, कारण बट्टा लावल्याखेरीज एकीचा आकडा दुसरीत बसत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या रसायनशास्त्राची गत अशीच झाली होती. ती सुटली ती कोणत्या नव्या प्रयोगाने नव्हे, तर एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या टिपणाने. आजचा विषय ते टिपण.

आधी घोटाळा काय होता ते पाहू. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली, तर छप्पन किलो कळीचा चुना मिळतो आणि चव्वेचाळीस किलो वायू उडून जातो. हे काढायला अणू लागत नाहीत, तराजू पुरतो. येरेमियास रिष्टर या जर्मन गृहस्थाने १७९२ साली आम्ले आणि अल्कली किती प्रमाणात एकमेकांना पुरी पडतात याची मापे मांडायला सुरुवात केली, तेव्हा डाल्टनचा अणुवाद जन्मालाही आला नव्हता. पुढे डाल्टनने अणू आणले. पाण्यात एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन असतो हे वजनावरून दिसत होते. पण पाण्याच्या एका कणात दोघांचे अणू किती, हे वजन सांगत नाही. डाल्टनने सोपे ते धरले, एकास एक, आणि ऑक्सिजनचा भार सातआठाच्या घरात गेला. दोनास एक धरले असते तर तो सोळा आला असता.

गंमत अशी, की कारखानदाराचे यात काहीच बिघडत नव्हते. ऑक्सिजन आठ माना की सोळा, आठ किलो ऑक्सिजनपासून नऊ किलोच पाणी होणार. द्रावणांचेही तेच. एकोणपन्नास ग्रॅम गंधकाम्ल एक लिटर द्रावणात असले, की चाळीस ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या एक लिटर द्रावणाशी ते थेंबास थेंब फिटते. फ्रीड्रिख मोरने १८५५ साली अशा ‘नॉर्मल’ द्रावणांवर सबंध ग्रंथ लिहिला आणि तो उपयोगी पडला. गंधकाम्लाच्या रेणूचा भार खरे तर अठ्ठ्याण्णव, आणि एक रेणू सोड्याच्या दोन रेणूंना पुरा पडतो. पण तुल्यभाराने काम भागत असताना हे विचारतो कोण? माझ्या मते ही चूक इतकी वर्षे टिकली याचे मोठे कारण हेच आहे. हिशेब चुकत असता, तर ती लवकर सापडली असती.

अडले ते सेंद्रिय पदार्थांत. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाची चलनात असलेली एकोणीस सूत्रे केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकाखाली एक छापली. कोणी कार्बन सहा धरी, कोणी बारा. पदार्थ एक, चलने अनेक.

वास्तविक तोड १८११ सालीच निघाली होती. गे-लुसाकने दाखवले होते, की दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन मापे वाफ होते. तुरिनच्या आमेदेओ आव्होगाद्रोने यावरून म्हटले, की सारख्या दाबाला आणि तापमानाला कोणत्याही वायूच्या सारख्या मापात रेणूंची संख्या सारखीच असते, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असल्याने तो दुभंगू शकतो. हा माणूस शिक्षणाने वकील, आणि राहायला रसायनाच्या मोठ्या पेठांपासून दूर. त्यात बर्झेलियसचा दबदबा. अणू विद्युतभारामुळे जोडले जातात असे त्याचे मत, तेव्हा एकाच जातीचे दोन अणू एकत्र राहतीलच कसे? आव्होगाद्रो १८५६ मध्ये वारला, तोवर त्याचे म्हणणे बाजूलाच पडून होते.

ते उचलले स्तानिस्लाओ कानिझारोने. हा पालेर्मोचा. १८४८ च्या सिसिलीतल्या उठावात तो तोफखान्यात होता, उठाव फसल्यावर फ्रान्सला पळाला, आणि पुढे जेनोआत प्राध्यापक झाला. वर्गात शिकवताना काय क्रम धरतो, ते त्याने १८५८ मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकमित्राला पत्ररूपाने लिहून छापले. त्यातली रीत साधी आहे. हायड्रोजनचा रेणू दोन माना. एखादी वाफ हायड्रोजनच्या किती पट जड आहे ते पाहा आणि त्या आकड्याची दुप्पट करा; तो रेणुभार. मग त्यात कार्बनचा वाटा किती ते पृथक्करणाने काढा. मिथेनचे सोळा, त्यात कार्बन बारा. कार्बन मोनॉक्साइडचे अठ्ठावीस, त्यात बारा. कार्बन डायऑक्साइडचे चव्वेचाळीस, त्यातही बारा. इथिलीनमध्ये चोवीस, प्रोपिलीनमध्ये छत्तीस. बाराच्या खाली कधीच नाही आणि मधला आकडाही नाही. तर मग कार्बनचा अणू बाराचा. आकडे बहुतेक जुनेच, दुसऱ्यांनी मोजलेले. मांडणी तेवढी नवी.

नवसागराच्या वाफेने मात्र पंचाईत केली होती. तिची घनता हिशेबापेक्षा निम्मीच भरे. उष्णतेने नवसागर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत फुटतो, म्हणून रेणू दुप्पट होतात, हा उलगडा ज्यांनी सुचवला त्यांत कानिझारोही होता. अपवादाने नियम मोडण्याऐवजी तो पक्का झाला.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथे केकुले, वुर्ट्झ आणि वेल्ट्सिन यांनी रसायनज्ञांची तीन दिवसांची सभा भरवली. सव्वाशेच्या आसपास माणसे आली. कानिझारो तळमळीने बोलला. बांधून घेणारा निर्णय काही झाला नाही, आणि ते योग्यच झाले, कारण अणूचे वजन बहुमताने ठरत नाही. निघताना त्याचा मित्र आंजेलो पावेसी याने त्या टिपणाच्या प्रती वाटल्या. लोथार मायरने ती वाचली आणि आपल्या शंका फिटल्याचे पुढे लिहून ठेवले. सभेत तरुण मेंडेलीव्हही होता. १८६९ सालची त्याची आवर्तसारणी अणुभारांच्या क्रमावर उभी आहे. कार्बन सहा आणि बारा असा डळमळत राहता, तर तो क्रम लागलाच नसता.

‘मोल’ हा शब्द यानंतरचा. आपल्याकडे मोल म्हणजे किंमत, पण हा जर्मन शब्द रेणूवाचक ‘मोलेक्यूल’वरून आला. विल्हेल्म ओस्टवाल्डने तो १८९० च्या दशकात रूढ केला. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, अठ्ठ्याण्णव ग्रॅम गंधकाम्ल म्हणजे एक मोल, आणि दोहोंत रेणू सारखेच. विशेष हे, की त्या काळात खुद्द ओस्टवाल्डचा अणूंवर विश्वास नव्हता. जाँ पेराँच्या प्रयोगांनंतर, १९०९ च्या सुमारास, त्याने हार मानली. पेराँनेच मोलमधल्या रेणूंच्या संख्येला आव्होगाद्रोचे नाव दिले. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या ग्रॅमवरून सुटली असून ती थेट या संख्येवर बांधलेली आहे : सहाच्या पुढे तेवीस अंकांची, आणि आता कायमची ठरवून टाकलेली.