देवलदेवी

देवलदेवी : (तेराव्या शतकाची अखेर – चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध). गुजरातचा अखेरचा वाघेला राजा कर्णदेव (करण घेलो) व त्याची राणी कमलादेवी यांची धाकटी मुलगी, देवगिरीचा यादव राजपुत्र शंकरदेव याची नियोजित वधू आणि पुढे दिल्लीचा शाहजादा खिज्रखान याची पत्नी. फार्सी ग्रंथांत तिचा उल्लेख देवलराणी असा येतो. वाघेला, यादव आणि खिलजी या तीनही घराण्यांशी तिचे नाते जडले आणि वीसेक वर्षांत ही तीनही घराणी बुडाली.

१२९९ मध्ये अलाउद्दीन खिलजीचे सरदार उलुघखान व नुसरतखान यांनी अणहिलवाड पाटण घेतले. कर्णदेव निसटला, कमलादेवी मात्र हाती लागली आणि दिल्लीला अलाउद्दीनच्या जनानखान्यात गेली. देवलदेवी तेव्हा अगदी लहान होती. ती बापाबरोबर राहिली. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे यादव राजा रामदेवराय याच्या आश्रयाने कर्णदेवाने बागलाणात ठाणे केले. तापीच्या दक्षिणेचा हा डोंगराळ मुलूख. साल्हेर-मुल्हेरचे किल्ले आजच्या नाशिक जिल्ह्यात येत असले, तरी ‘आईन-इ-अकबरी’च्या काळापर्यंत सुरत व नंदुरबार यांच्यामधला सगळा डोंगरपट्टा बागलाण म्हणूनच ओळखला जाई. राज्य गमावलेल्या राजाला ही जागा सोयीची होती. पाठीशी देवगिरी, समोर गुजरात आणि मध्ये जंगल व घाट, त्यामुळे मोठ्या फौजेला इथे सहज शिरता येत नसे.

दिल्लीत स्थिरावलेल्या कमलादेवीने मुलीला आपल्याकडे आणवावे अशी विनंती सुलतानाला केली, असे फिरिश्ता सांगतो. १३०६-०७ च्या दख्खन मोहिमेत सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याच्यावर देवगिरीबरोबर हेही काम सोपवले गेले. सुलतानपूर (आजचा शहादे तालुका) येथून त्याने मुलीच्या ताब्यासाठी कर्णदेवाला निरोप धाडला. कर्णदेवाने तो झुगारला. गुजरातचा सुभेदार अल्पखान दुसऱ्या बाजूने बागलाणात उतरला आणि डोंगरांतली लढाई लांबत गेली. रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव याने देवलदेवीला आधीच मागणी घातली होती. यादव आपल्या तोलाचे नाहीत म्हणून कर्णदेवाने ती नाकारली होती. आता मात्र त्याने मान्यता दिली आणि शंकरदेवाच्या भावाच्या सोबतीने मुलीला देवगिरीकडे रवाना केले.

ती देवगिरीला पोचलीच नाही. अल्पखानाच्या सैन्यातले काही शिपाई वेरूळची लेणी पाहायला गेले होते. तिथे त्यांची गाठ या तुकडीशी पडली. शत्रू समजून दोन्हीकडून बाण सुटले. एक बाण देवलदेवीच्या घोड्याला लागला आणि तो जागीच अडला. शिपायांचा गराडा पडताच ही कोण आहे ते तिच्या दासीने भीतीने ओरडून सांगितले. हा प्रसंग फिरिश्ताने तीनशे वर्षांनंतर लिहिला, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. दौलताबादेत १३५० च्या सुमारास लिहिणारा इसामी तिची धरपकड गुजरातवरील दुसऱ्या स्वारीत घालतो. त्याच्या हकिकतीत वेरूळ नाही.

दिल्लीत आई भेटली. खिज्रखान हा अलाउद्दीनचा थोरला मुलगा. त्याचे व देवलदेवीचे लहानपणीच सूत जमले, पण त्याच्या आईला ते मान्य नव्हते. तिने आपला भाऊ अल्पखान याची मुलगी सून म्हणून ठरवली होती. म्हणजे देवलदेवीला पकडून आणणारा सरदार खिज्रखानाचा सख्खा मामा होता आणि तिची सवत त्याची मामेबहीण. दोघांना वेगळे करण्यासाठी देवलदेवीला दुसऱ्या महालात हलवले, तेव्हा त्याने आपल्या केसांची बट दिली व तिने अंगठी, असे दरबारी कवी अमीर खुसरौ लिहितो. १३१२ मध्ये मामेबहिणीशी थाटात लग्न झाले. देवलदेवीशी झाले ते नंतर, गाजावाजा न करता.

१३१५ च्या अखेरीस मलिक काफूरने अल्पखानाला मारवले व खिज्रखानाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबले. देवलदेवी त्याच्याबरोबर कैदेत गेली. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन वारल्यावर काफूरने खिज्रखानाचे डोळे काढवले. पुढे गादीवर आलेल्या कुतुबुद्दीन मुबारकने १३१८ मध्ये देवगिरीवर चाल करून रामदेवरायाचा जावई हरपाळदेव याला हालहाल करून मारले. परतताना कटाचा सुगावा लागताच त्याने ग्वाल्हेरला मारेकरी धाडले. खिज्रखान, शादीखान व शिहाबुद्दीन उमर हे तिघे भाऊ मारले गेले. यांतला उमर रामदेवरायाच्या मुलीचा मुलगा होता, म्हणजे शंकरदेवाचा भाचा. शंकरदेव स्वतः १३१३ मध्येच काफूरशी लढताना पडला होता. नवऱ्याला बिलगलेल्या देवलदेवीवरही वार झाले, असे खुसरौ सांगतो. फिरिश्ताच्या मते ती यानंतर मुबारकच्या आणि १३२० मध्ये त्याचा खून करणाऱ्या खुसरूखानाच्या जनानखान्यात गेली.

तिच्याविषयी सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे अमीर खुसरौचे ‘आशिका’ हे फार्सी काव्य. ते खिज्रखानाच्या सांगण्यावरून, त्यानेच पुरवलेल्या हकिकतीवर रचले गेले. त्याच्या मृत्यूची पुरवणी कवीने नंतर जोडली. दरबारी कवीने शाहजाद्यासाठी लिहिलेली ही प्रेमकथा आहे. तीत देवलदेवीच्या सौंदर्याचे वर्णन भरपूर आहे, तिच्या बापाची ससेहोलपट मात्र ओझरती येते. काही इतिहासकार ही सगळी कथाच कल्पित मानतात. तपशील कवीचे असतील, पण तिच्या नवऱ्याच्या हयातीत, त्याच्याच घरात वाचले जाणारे काव्य निव्वळ काल्पनिक बायकोवर रचले गेले असेल, हे पटण्यासारखे नाही.

सुरतेच्या नंदशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ (१८६६) ही गुजरातीतली पहिली स्वतंत्र कादंबरी याच घराण्यावर आहे. मराठीत वि. दा. सावरकरांनी ‘भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने’मध्ये १३२० च्या दिल्लीतील उलथापालथीची एक सूत्रधार म्हणून तिला उभे केले. ते चित्र आवेशपूर्ण आहे. फार्सी साधने मात्र तिला एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात नेलेले दाखवतात आणि तिचे मत कुठेच नोंदवत नाहीत.