कलेचा इतिहास कामकऱ्याने का वाचावा?

कामगारांच्या अभ्यासवर्गात कलेच्या इतिहासाचा विषय आम्ही प्रथम काढला, तेव्हा पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणेच आला. मजुरीच्या दराचे, भविष्यनिर्वाह निधीचे, बंद पडलेल्या जिनांतील थकलेल्या देण्यांचे प्रश्न उभे असताना चित्रांचे आणि मूर्तींचे कौतुक कशाला? ते भरल्या पोटाचे उद्योग. ज्यांना फुरसत आहे त्यांनी करावेत. आक्षेप घेणारा हमाल होता आणि दिवसभर कापसाच्या गाठी वाहून आला होता. अशा माणसाचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. त्याचे उत्तर शोधीत असता जे हाती लागले, तेच या लेखात मांडले आहे.

आमचे शाळेतील शिक्षण थोडके. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेथे कलेच्या इतिहासाची जी पुस्तके मिळाली, त्यांतील बहुतेकांची मांडणी राजवटींच्या हिशेबाने केलेली: मौर्य कला, गुप्त कला, मोगल कला. जणू चंद्रगुप्त स्वतःच छिन्नी घेऊन बसला होता! एका पुस्तकात ‘अमरावती शैली’ असे मोठे प्रकरण पाहून आमच्या एका सोबत्याची छाती फुगली. पण ती अमरावती कृष्णाकाठची, आंध्रातली, अंबादेवीची नव्हे. तेथील स्तूपाचे उत्तमोत्तम शिल्पपट आज मद्रासच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. असो. आम्हांस कारखान्याची सवय. कोणताही माल पुढे आला की तो कोणी केला, कशाचा केला, पैसा कोणाचा होता, हे विचारण्याची खोड जडलेली. तीच खोड घेऊन आम्ही कलेच्या इतिहासाकडे गेलो, आणि आमच्या मते ती वाट आडवाट नाही.

आरंभ आपल्या उशाशीच आहे. राजापेठेतून निघून मोर्शीच्या बाजूने उत्तरेस गेले की सातपुड्याच्या गाविलगड रांगा लागतात. धारूळ हे गाव अमरावती जिल्ह्यात. त्याच्या उत्तरेचा डोंगर मात्र मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात मोडतो. या डोंगरात 27 जानेवारी 2007 रोजी अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सोबतच्या निसर्गप्रेमी मंडळींना चित्रे असलेले शैलाश्रय आढळले. पुढच्या शोधांत त्यांची संख्या वाढतच गेली. अंबादेवीच्या गुहेवरून त्यांना नाव पडले. हे काम कोणा सरकारी खात्याने काढलेले नव्हते. सुटीच्या दिवशी डोंगर तुडविणाऱ्यांनी ते केले. विद्वानांनी मागाहून येऊन पाहिले. याचे नवल वाटू नये. स्पेनमधील अल्तामिरा गुहेतील रानबैल 1879 मध्ये प्रथम ध्यानात आले ते एका लहान मुलीच्या. आणि आदिमानव इतके चांगले चित्र काढील हे मान्य करावयास पंडितांना 1902 साल उजाडावे लागले. आपल्याकडे भीमबेटकाचा शोध 1957 मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी माणसाने लावला. त्याचे श्रेय त्यांच्या पायांना जितके, तितकेच डोळ्यांना.

या चित्रांचा लाल रंग म्हणजे गेरू, लोहयुक्त माती. ज्या गेरूने आपल्या आयाबाया तुळशीवृंदावन सारवीत आल्या, तोच. गेरूचे वय सांगणे मात्र सोपे नाही. कोळशात कर्ब असतो, त्यावरून काळ मोजता येतो; गेरूत तो नसतो. म्हणून कोणत्या चित्रावर कोणते चित्र चढले आहे, कोणते जनावर काढले आहे, शेजारच्या मातीत कसली हत्यारे निघतात, यांवरून अंदाज बांधावा लागतो. एखाद्या चित्राचे वय कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला आधार विचारावा. भक्कम आधार हवा असेल तर तो खानदेशात आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे स. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे कवच मिळाले, त्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली. काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा. त्या काळी महाराष्ट्रात शहामृग हिंडत होते!

आता आमच्या हमाल मित्राचा प्रश्न घ्या. त्या कवचावर रेघा ओढणाऱ्याच्या घरी कणगी नव्हती, कारण शेतीच नव्हती. उद्याचे अन्न उद्या मिळवायचे. तरी त्याने, किंवा तिने, बारीक दगडी टोक घेऊन कवच न फुटेल इतक्या बेताने ती नक्षी कोरली. भरल्या पोटानंतर कला येते हा समज येथेच ढासळतो. पोटाच्या धडपडीतच ती आलेली आहे.

पुढे शेती आली, नगरे आली, राज्ये आली, तसे करणारा आणि करविणारा हे वेगळे झाले. तरीही आरंभीच्या काळात करणाऱ्याचे नाव पुसले गेले नव्हते, हे फारसे कोणी सांगत नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले. हस्तिदंतावर काम करणारे हात दगडावर चालले, म्हणून त्या तोरणावरची बारीक कलाकुसर तशी दिसते. त्याच तोरणावर आनंद नावाच्या माणसाचे नाव आहे. तो सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख, आजच्या भाषेत फोरमन. आपल्या पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षाच्या हातावर तो कण्हदास सोनाराने घडविला असे कोरलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे एक दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने करविले. दगडी लेण्यात सुताराचे काय काम, असे वाटेल. पण ही लेणी मुळी लाकडी इमारतींची दगडात केलेली नक्कल आहे. कार्ल्याच्या छताला लाकडाच्या खऱ्याखुऱ्या कमानी आजही आहेत.

नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी 3,000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: 2,000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. राजाच्या जावयाने विणकरांवर विश्वास ठेवून रक्कम गुंतवावी, ही लहानसहान गोष्ट नव्हे. आमच्या काही वक्त्यांना या श्रेणींत आजची युनियन दिसते. ते आम्हांस पटत नाही. श्रेणी ही धंद्याची संघटना होती, तीत धनीही होते. मजुराचे गाऱ्हाणे तीत कोण ऐकत होते हे तो लेख सांगत नाही.

अजिंठ्याकडे वळताना प्रथम हे ध्यानात घ्यावे की तो वऱ्हाडच्या शिवेवर आहे आणि त्याच्या वैभवाचा धागा वाशीमला पोचतो. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीमला, राज्य करीत होती. 1939 मध्ये वाशीमला ताम्रपट मिळाला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. वाकाटकांचे लेख साक्षेपाने संपादणारे वा. वि. मिराशी हे काही काळ आपल्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. या शाखेच्या हरिषेण राजाच्या वेळी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे दुसरे आणि मोठे काम उभे राहिले. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. सव्विसाव्यात बुद्धभद्र भिक्षूचा. देणाऱ्यांची कुळे श्लोकांनी वर्णिली आहेत. चित्रे काढणाऱ्याचे नाव नाही. सांचीचे दंतकार आणि पितळखोऱ्याचा सोनार यांच्यानंतर काही शतकांतच हे घडले, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

नाव नाही, पण कामाची पद्धत जशीच्या तशी दिसते. अपुरी लेणी पाहावीत. काम वरून खाली होत असे. आधी छत कोरायचे, मग उतरत जायचे. म्हणजे छतासाठी परांची बांधावी लागत नसे. खडकात समांतर गल्ल्या पाडायच्या, मधल्या भिंती राखायच्या, मग त्या फोडायच्या. मागून घासकाम करणारे येत. मग गिलावा: माती, भुसा, वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात. रंग बहुतेक इथलेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती. एक मात्र परका. निळा रंग ज्या लाजवर्दाचा, तो खडा अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई. एका निळ्या पट्ट्यामागे व्यापारी, उंट, घाटवाटा आणि वाहणारे हमाल उभे आहेत.

आमच्या अभ्यासवर्गाची सहल अजिंठ्याला गेली, तेव्हा चोविसाव्या लेण्यात सारे थबकले. मोठा बेत, अर्धवट खांब, छिन्नीचे घाव उघडे. जिनात काम केलेला आमचा एक म्हातारा सभासद बराच वेळ पाहून म्हणाला, “मधातच काऊन सोडलं जी हे? मजुरी थकली असन.” सारे हसले. पण वॉल्टर स्पिंक या अमेरिकी पंडिताने आयुष्याचा मोठा भाग खर्चून जो सिद्धांत मांडला, तो याहून फार दूर नाही. गिलावा कोठवर आला, दाराच्या बिजागऱ्या कोणत्या तऱ्हेच्या, कोणते लेणे कोणत्या टप्प्यावर सोडले, यांवरून त्याने निष्कर्ष काढला की हे सारे काम सुमारे वीस वर्षांतच झाले, आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर आश्रय तुटला तसे थांबले. सर्व अभ्यासकांना हा अल्प काळ मान्य नाही. तथापि पाहण्याची रीत आमच्या म्हाताऱ्याची आणि स्पिंकची एकच होती.

मध्ययुगाकडे थोडक्यात पाहू. वऱ्हाडात जुने दगडी देऊळ दिसले की लोक म्हणतात, हेमाडपंती. लासूरचे आनंदेश्वर असो की लोणारचे दैत्यसूदन. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. या तऱ्हेची कित्येक देवळे त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. पाथरवटांनी दगडात दगड बसवून उभी केलेली कामे कारभाऱ्याच्या नावावर जमा झाली! नरनाळ्याचा महाकाली दरवाजा 1487 चा. त्यावर अरबी अक्षरे आहेत आणि कमळेही आहेत. कोणत्या धर्माची कला, असे विचारणाऱ्याने त्या दरवाज्याखाली घटकाभर उभे राहावे. आणि मेळघाटातील कोरकू मृतांच्या स्मरणार्थ सागाचे कोरीव फलक उभारीत आले, ज्यांना ते मुंडा म्हणतात. त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत यांना जागा मिळालीच तर परिशिष्टात मिळते, ही गोष्ट आम्हांस खटकते.

इंग्रजी अमदानीत मुंबईची जे. जे. कलाशाळा 1857 मध्ये निघाली, आणि 1872 पासून ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तेथील विद्यार्थी अजिंठ्याच्या प्रतिकृती करू लागले. अंधाऱ्या लेण्यांत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती 1885 मध्ये लंडनमध्ये आगीत गेल्या. त्याआधीच्या रॉबर्ट गिलच्या प्रतिकृतींचीही 1866 मध्ये हीच गत झाली होती. पुढे रविवर्म्याच्या छापखान्याने देवादिकांची चित्रे स्वस्त केली आणि गिरणीकामगाराच्या खोलीत प्रथमच रंगीत चित्र आले. नाके मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. आमच्या वडिलांच्या पिढीला चित्र म्हणजे काय ते कॅलेंडरानेच शिकविले.

तळेगाव दशासर म्हटले की आपल्याला शंकरपट आठवतो. त्याच गावी 1917 मध्ये हरी अंबादास गाडे जन्मले. 1947 मध्ये मुंबईत जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्याच्या सहा संस्थापकांपैकी ते एक. दुसरे रझा, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. तिसरे आरा: लहानपणी घर सोडून आलेले, मुंबईत मोटारी पुसून पोट भरलेले. चौथे हुसेन, सिनेमाचे फलक रंगविणारे. म्हणजे आधुनिक भारतीय चित्रकलेच्या या प्रसिद्ध घटनेत रोजंदारीवर राबलेली दोन माणसे होती. त्यांची चित्रे आज कोट्यवधींना विकली जातात. गाड्यांचे नाव मात्र त्यांच्याच जिल्ह्यात किती जणांना ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

हुसेन ज्या धंद्यातून आले, तो धंदा आमच्या डोळ्यांदेखत गेला. राजापेठेच्या दुकानांवरच्या पाट्या, ट्रकांची पाठ, निवडणुकीच्या भिंती हाताने रंगविणारे पेंटर होते. फ्लेक्स आला आणि त्यांतले कोणी रिक्षा चालवू लागले, कोणी घरांना रंग देऊ लागले. आमच्या कचेरीवरची पाटी अशाच एकाने रंगविलेली आहे, कोपऱ्यात त्याची सही आहे. उन्हाने लाल रंग उडाला, म्हणून पाटी बदलण्याचा विषय निघाला. फ्लेक्स स्वस्त पडतो. पेंटरने सांगितलेला दर त्याच्या तिप्पट आहे. विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे, आणि हाताने रंगवून घ्यावी ही सूचना मांडणारा तोच हमाल आहे.