गुळाने आम्ल मरते का?

"बाई, आमटी आंबट झाली की आई गूळ टाकते. म्हणजे गूळ आम्लारी आहे ना?"

उदासिनीकरण शिकवून झाल्यावर आठवीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला होता. तास संपत आला होता. "तसंच काहीसं म्हण," असे सांगून मी खडू ठेवला. उत्तर साफ चुकीचे होते. प्रश्न मात्र वाटला तितका साधा नव्हता, कारण 'आंबट' आणि 'आम्ल' या दोन गोष्टी वेगळ्या करायला खुद्द रसायनशास्त्राला दोनशेहून अधिक वर्षे लागली आहेत.

सुरुवातीला जीभ हेच उपकरण होते. आयुर्वेदाच्या सहा रसांत मधुरानंतर लगेच अम्ल येतो, तो चवीच्या अर्थानेच. युरोपीय भाषांतला आम्लवाचक शब्दही 'आंबट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. जे आंबट ते आम्ल, इतका सरळ हिशेब. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांवरील आपल्या ग्रंथात दाखवले, की व्हायोलेटच्या फुलांचे निळे सरबत आम्लाने तांबडे आणि आम्लारीने हिरवे होते. आम्ल ओळखायला आता जिभेची गरज उरली नाही. आपण जास्वंदीच्या पाकळ्यांनी वर्गात करतो तो प्रयोग याच घराण्यातला.

आपल्या आमटीतल्या चिंचेचा या इतिहासाशी गमतीदार संबंध आहे. चिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेतले, पण अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटले आणि तेच नाव युरोपात रूढ झाले. तिचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. हे आम्ल स्वीडनच्या कार्ल शीलने १७६९ साली वेगळे केले, पण चिंचेतून नव्हे, तर द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाशी बसणाऱ्या खरीतून! पिकल्यावर पुष्कळ फळांतले आम्ल कमी होते. चिंचेत ते टिकून राहते आणि त्याच्या जोडीला भरपूर शर्करा जमते. म्हणजे चिंच मुळातच आंबटगोड आहे. आपण गूळ घालून तिचाच डाव पुढे चालवतो. कोकणातल्या आमसुलातले आम्ल वेगळे. ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल.

पण आम्ल म्हणजे नेमके काय? लाव्हाझिएने ऑक्सिजनला नावच 'आम्ल उत्पन्न करणारा' असे दिले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही हे डेव्हीने १८१० साली पटवून दिल्यावर ती समजूत मोडली. पुढे १८८० च्या दशकात अऱ्हेनियसने सांगितले, की आम्ले पाण्यात हायड्रोजनचे आयन मोकळे करतात. मग जितके आयन अधिक तितके द्रावण आंबट असायला हवे. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सने हे तपासायला आम्लांची अतिशय विरल द्रावणे चक्क चाखून पाहिली आणि १८९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिशेब जुळेना. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचे थोडेच रेणू विघटित होतात, तरी आयनांच्या मानाने ते फार आंबट लागत होते. लाळ काही आयन निकामी करते, तेव्हा अशा सौम्य आम्लाच्या शिल्लक रेणूंतून नवे आयन सुटतात, शिवाय अखंड रेणू थेट पेशीत शिरू शकतात, हे त्याचे कारण. सोरेन्सनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सामू, म्हणजे पीएच, मोजण्याची पट्टी दिली तेव्हा आम्लता आकड्यात आली. आंबटपणा मात्र आकड्यात आला नाही.

आता गूळ. तो आम्लारी नाही. चिंचेच्या कोळात चमचाभर गूळ विरघळवला तर आयन जवळजवळ तेवढेच राहतात. आंबटपणा मरत नाही, तो आपल्याला जाणवत नाही. आंबट आणि गोड ओळखणाऱ्या पेशी जिभेवर वेगवेगळ्या असतात. गोडाचे ग्राहक प्रथिन २००१ साली सापडले आणि हायड्रोजन आयन आत घेणारे ओटॉप-१ हे प्रथिन २०१८ मध्ये. दोन्ही संदेश एकदम आले की ते एकमेकांना दाबतात, आणि हे दाबणे बऱ्याच अंशी मेंदूत होत असावे असे मानले जाते. म्हणून तर गूळ जास्त पडल्यावर आपण थोडा कोळ वाढवतो. त्याने गूळ कुठे नाहीसा होतो?

जाता जाता जिभेच्या नकाशाबद्दल. शेंड्यावर गोड, कडेला आंबट, असा नकाशा मी कित्येक वर्षे फळ्यावर काढला. हेनिग या जर्मन संशोधकाला १९०१ साली जिभेच्या भागाभागांत अगदी किरकोळ फरक आढळले होते. १९४२ च्या एका पाठ्यपुस्तकातील आलेखामुळे ते मोठे भासले. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ मध्ये ते पुन्हा मोजले. फरक क्षुल्लकच निघाले, आणि चारही चवी सगळीकडे कळत होत्या.

वर्गात हे करून पाहावे. चिंचेचा पातळ, गाळलेला कोळ तीन स्वच्छ पेल्यांत घ्या (चव घ्यायची आहे, तेव्हा प्रयोगशाळेतली भांडी नकोत). पहिला तसाच ठेवा, दुसऱ्यात गूळ घाला, तिसऱ्यात खायचा सोडा चिमूट-चिमूट, फेस थांबेपर्यंत. तिन्हींत निळा लिटमस बुडवा. पहिल्या दोन्हींत तो सारखाच तांबडा होतो, तिसऱ्यात निळाच राहतो. मग मुलांना एकेक थेंब चाखू द्या. खरे उदासिनीकरण झाले आहे ते तिसऱ्या पेल्यात, आणि तो पेला कोणीही दुसऱ्यांदा तोंडाला लावत नाही.