दोन ताटांचे थँक्सगिव्हिंग

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच इथल्या दुकानांत गोठवलेल्या टर्कींचे ढीग लागतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आलेला असतो. १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या आपल्या पिढीने हा सण फार लवकर आपलासा केला, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. दिवाळीला इथे सुट्टी नसे. मंडळाला शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी आपली दिवाळी. थँक्सगिव्हिंगला मात्र बहुतेकांना जोडून चार दिवस मिळत. मुले कॉलेजातून घरी येत, शेजारच्या राज्यातली मित्रमंडळी गाडी हाकत येत, तळघरात गाद्या अंथरल्या जात. टर्कीच्या शेजारी मसालेभात आणि कुणीतरी घरून करून आणलेले श्रीखंड असा थाट असे.

आता त्याच घरांत चित्र बदलले आहे. मुलांचे संसार झाले. एक वर्ष आपल्याकडे, एक वर्ष व्याह्यांकडे असा क्रम लागला. कुणी सिअ‍ॅटलला, कुणी लंडनला. मग एखाद्या वर्षी फोनवर ठरते, की यंदा जमत नाही, नाताळात येऊ. फोन ठेवल्यावर घरात जे वाक्य उच्चारले जाते ते मंडळातल्या बहुतेक ज्येष्ठांच्या परिचयाचे आहे: “दोघांसाठी कशाला एवढा घाट घालायचा?”

या प्रश्नामागे एक गृहीतक आहे. थँक्सगिव्हिंग म्हणजे वीस माणसांचे टेबल, मधोमध भली मोठी टर्की, आणि तसे नसेल तर तो सण नव्हेच. हे चित्र कधी आणि कसे तयार झाले हे पाहिले, तर दोघांच्या बेताकडे बघण्याची नजर थोडी बदलते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्लिमथचे जेवण

शाळेत मुलांना शिकवली जाणारी गोष्ट १६२१ च्या शरद ऋतूतली आहे. तिचा मुख्य समकालीन आधार म्हणजे एडवर्ड विन्स्लो याने ११ डिसेंबर १६२१ रोजी लिहिलेले पत्र, आणि त्यातही या प्रसंगाला मोजकी वाक्ये आली आहेत. त्यांतून एवढे कळते, की पीक हाती आल्यावर चार माणसे पाखरे मारायला गेली, वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे नव्वद माणसांसह आला, त्यांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस खाणेपिणे चालले. टर्कीचे नावही त्या पत्रात नाही. न्यू इंग्लंडमध्ये तेव्हा बटाटा नव्हता, रताळे नव्हते, आणि भोपळ्याच्या पायसाठी लागणारे गव्हाचे पीठ, लोणी व साखरही नव्हती.

त्या जेवणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यातच मरण पावले होते. प्रौढ स्त्रिया तर फक्त चार उरल्या होत्या. यजमानांच्या घरोघरी माणसे गेलेली होती आणि पाहुण्यांचीही तीच स्थिती होती. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली होती. प्लिमथ वसले ते पटक्सेट नावाच्या अशाच एका मृत गावाच्या जागेवर. त्या गावचा टिस्क्वान्टम, ज्याला पाठ्यपुस्तके स्क्वान्टो म्हणतात, त्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकले होते. लंडनमार्गे तो १६१९ मध्ये परतला तेव्हा त्याच्या गावात कुणीही जिवंत नव्हते. मका कसा पेरायचा हे इंग्रजांना त्यानेच शिकवले.

मॅसासोइटने मैत्री केली तीही विचारपूर्वक. साथीने त्याचे लोक दुबळे झाले होते आणि पश्चिमेकडचे नॅरागॅन्सेट बलवान होते. हा सलोखा त्याच्या हयातीत टिकला. पुढच्या पिढीत मात्र, १६७५-७६ च्या युद्धात, त्याचाच मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर वर्षानुवर्षे लटकत राहिले. १९७० पासून मूलनिवासी लोक थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर जमून राष्ट्रीय शोकदिन पाळतात तो याच इतिहासासाठी. ताट वाढताना हेही ठाऊक असावे.

गर्दीचे टेबल कुणी मांडले?

१६२१ च्या त्या मेजवानीला तिथल्या लोकांनी थँक्सगिव्हिंग म्हटलेच नाही. प्युरिटन मंडळींच्या लेखी आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा दिवस. दुष्काळ पडला की उपासाचा दिवस, पाऊस आला की आभाराचा दिवस. प्लिमथमध्ये असा आभाराचा दिवस १६२३ मध्ये पाऊस पडल्यावर पाळला गेला. १६२१ च्या मेजवानीला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नाव मिळाले ते १८४१ मध्ये, अलेक्झांडर यंग या संपादकाने विन्स्लोचे पत्र पुन्हा छापताना दिलेल्या तळटीपेत. म्हणजे दोनशे वीस वर्षांनी.

मधल्या काळात न्यू इंग्लंडमध्ये ही प्रार्थना हळूहळू घरगुती जेवणाकडे झुकली होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९ हा दिवस देशभर आभाराचा म्हणून जाहीर केला. जेफरसन यांनी मात्र धर्म आणि शासन वेगळे राहावे म्हणून असा दिवस जाहीर करण्याचे नाकारले. १७९६ मध्ये निघालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकात टर्कीबरोबर क्रॅनबेरी सॉस वाढण्याची सूचना आहे आणि भोपळ्याच्या गोड पदार्थाची कृतीही आहे. पदार्थ जमू लागले होते, पण अजून हा एका प्रदेशाचाच सण होता.

त्याला राष्ट्राचा सण केला सारा जोसेफा हेल या बाईंनी. १८२२ मध्ये त्यांचे पती वारले तेव्हा पदरात पाच मुले होती. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर काळे कपडे वापरले आणि लेखणीवर संसार चालवला. १८२७ मध्ये त्यांची ‘नॉर्थवुड’ ही कादंबरी आली. तिच्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे एक प्रकरणच आहे: टेबलाच्या अग्रभागी टर्की, मग गोमांस, डुकराचे, मेंढीचे मांस, बदके, कोंबडीचा पाय, भोपळ्याचा पाय. आज आपल्या डोळ्यांसमोर येणारे गच्च भरलेले टेबल ते हेच. पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या लोकप्रिय मासिकाच्या संपादक या नात्याने त्या वर्षानुवर्षे अग्रलेख लिहीत राहिल्या. राज्यपालांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवत राहिल्या.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतांवरची तरुण मुले ओहायो, इलिनॉयकडे किंवा गिरण्यांच्या शहरांकडे निघून जात होती. घरी उरत होते म्हातारे आईवडील. वर्षातून एकदा सर्वांनी जुन्या घरी परत यावे, ही कल्पना त्या पांगापांगीतून रुजली. आपल्याकडे चाकरमानी गणपतीला कोकणात जातो त्यामागे जी ओढ आहे तीच इथे होती. भरलेले टेबल हे मुळात रिकामे होत चाललेल्या घरांनी पाहिलेले चित्र आहे.

लिंकन यांचे जाहीरनामापत्र

२८ सप्टेंबर १८६३ रोजी हेलबाईंनी लिंकन यांना पत्र लिहिले. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, जाहीरनामा निघाला. त्याचा मसुदा परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांचा होता. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभाराचा दिवस ठरला. यादवी युद्ध ऐन भरात होते. जुलैमध्ये एकट्या गेटिसबर्गच्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास हजार सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. लिंकन दांपत्याचा अकरा वर्षांचा मुलगा विली त्याआधीच्या वर्षी, फेब्रुवारी १८६२ मध्ये, वारला होता.

त्या जाहीरनाम्यात पिकांचा, खाणींचा, वाढत्या लोकसंख्येचा उल्लेख आहे. पण शेवटी लोकांना सांगितले आहे ते असे, की आभार मानताना युद्धाने विधवा, अनाथ आणि शोकाकुल झालेल्यांना देवाच्या कृपेवर सोपवा. टर्कीचा किंवा जेवणाचा त्यात एक शब्दही नाही. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला खुद्द लिंकन आजारी होते. एका विधवेने मागितलेला आणि पुत्रशोकात असलेल्या माणसाने जाहीर केलेला हा दिवस आहे. टेबलाभोवतीच्या खुर्च्या कमी झाल्या म्हणून तो आपला राहत नाही, असे म्हणायला त्याच्या मूळ कागदपत्रांत तरी आधार नाही.

तारखेचेही तसेच. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला वेळ कमी पडेल अशी व्यापाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर आधी ओढला. जवळपास निम्म्या राज्यांनी ते मानले, बाकीच्यांनी नाही. टेक्ससने तर दोन्ही दिवस पाळले. डिसेंबर १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार ठरला तेव्हा गोंधळ मिटला. शनिवारी लक्ष्मीपूजन करणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.

लहान होत गेलेले घर, मोठा होत गेलेला पक्षी

१७९० च्या पहिल्या जनगणनेत अमेरिकेत दर घरात सरासरी पावणेसहा माणसे होती. आज ती अडीचच्या आसपास आहेत. टर्कीचा प्रवास मात्र उलटा झाला. १९३० च्या सुमारास जिवंत टर्कीचे सरासरी वजन १३ पौंड होते. आता ते ३० पौंडांच्या वर गेले आहे.

मध्यंतरी सरकारने हे गणित जुळवण्याचा प्रयत्न केला होता. १९३० च्या दशकात मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्राने लहान कुटुंब, लहान ओव्हन आणि लहान फ्रिज डोळ्यांसमोर ठेवून एक नवी जात तयार केली: ‘बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट’. साफ केल्यावर ८ ते १५ पौंड भरेल असा तो पक्षी. १९४० आणि ५० च्या दशकांत त्याला चांगली मागणी होती. पण हॉटेलांना आणि मांस-प्रक्रिया कारखान्यांना मोठा पक्षी परवडत होता. १९७० च्या दशकापर्यंत ही जात जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे दोघांच्या घराला आज टर्की मोठी पडते, ती परंपरेमुळे नव्हे, बाजाराच्या हिशेबामुळे.

टर्कीविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. हा अमेरिकेचा पक्षी पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि १६१२ मध्ये मुकर्रबखानाने तो गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारात नेला. बादशहाने त्याच्या रंग बदलणाऱ्या मानेचे वर्णन आठवणींत लिहून ठेवले आणि चित्रकार मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्लिमथच्या जेवणाच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट.

दोघांचा बेत

इतिहास एवढी मोकळीक देत असेल, तर बेत सुटसुटीत करायला हरकत नाही. सामिष खाणाऱ्यांनी अख्ख्या टर्कीच्या मागे लागू नये. हाडासकट टर्कीचा अर्धा छातीचा भाग, दोन-तीन पौंडांचा, मिळतो. तोही जास्त वाटला तर ‘कॉर्निश गेम हेन’ आणावी. नाव शिकारी पक्ष्याचे असले तरी ती कोवळी कोंबडीच, दोन पौंडांच्या आतली; १९५० च्या दशकात कनेटिकटमधल्या माकोव्स्की दांपत्याने ती लोकप्रिय केली. एकीत दोघांचे भागते. आले-लसूण, दही, थोडा गोडा मसाला लावून रात्रभर ठेवावी आणि आतले तापमान १६५ अंश फॅरनहाइट होईपर्यंत भाजावी.

शाकाहारी घरांना तर अधिक अस्सल जेवण मांडता येते. मका, घेवडा आणि भोपळा यांना इथले मूलनिवासी तीन बहिणी म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखतात. वाम्पानोआग लोक मक्याची जाडसर भरड शिजवून ‘नसॉम्प’ करतात. आपण त्याला मक्याच्या कण्या म्हणू. त्याबरोबर घेवड्याची उसळ, लाल भोपळ्याचे घारगे आणि क्रॅनबेरीचे लोणचे. क्रॅनबेरीचा आंबटपणा मोहरी-हिंगाच्या फोडणीत चांगला खुलतो, हे इथल्या मराठी स्वयंपाकघरांनी केव्हाच शोधून काढले आहे.

आपल्या उपासाच्या ताटाकडेही या निमित्ताने पाहावे. बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कसावा, ही सगळी अमेरिका खंडाची देणगी. ज्या लोकांनी ही पिके हजारो वर्षे जोपासली त्यांचे आभार मानायला आपल्याला प्लिमथच्या गोष्टीची गरज नाही. खिचडीची वाटी पुरते.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांना एवढेच सांगायचे, की तुम्ही येऊ शकला नाहीत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण गुरुवारी दुपारी, जेवणाच्या वेळी, फोन करा आणि काय बेत केला आहे ते विचारा. बेत केला आहे असे उत्तर येण्यासाठी कुणीतरी विचारणारे असावे लागते. आणि ज्यांच्याकडे दोनच ताटे आहेत त्यांनी मंडळाच्या यादीवर एकदा नजर टाकावी. जोडीदार गेल्यावरचे पहिलेच वर्ष असलेले कुणीतरी त्यात नक्की सापडेल. तिसरे ताट मांडायला कॉर्निश कोंबडी एकाऐवजी दोन आणाव्या लागतील, किंवा कण्या मूठभर जास्त टाकाव्या लागतील, इतकेच.